पहिला नंबर

दहावीला शशिकांतचा पहिला नंबर आला, बाळाजीरावांचा दुसरा, आणि पुढे जन्मभर तोच क्रम राहिला. तो साहेब होऊन रिटायर झाला, हे कारकूनच राहिले. त्याचा बंगला कॉलेज रोडला, ह्यांचा फ्लॅट जेल रोडला. त्याने नवी गाडी घेतली की ह्यांना दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

परवा शाळेच्या गेट-टुगेदरला बाळाजीरावांच्या बायकोला, कुंदाताईंना बघून शशिकांत हसला. "बाळ्या, वहिनींना बघायला तुझ्याआधी मी गेलो होतो. नकार आला!"

बाळाजीरावांची कॉलर आयुष्यात पहिल्यांदा ताठ झाली. घरी जाताना रिक्षात त्यांनी ऐटीत विचारलं, "काय गं, एवढ्या हुशार माणसाला नकार का दिलास?"



"मी कशाला देईन नकार? पत्रिका जुळली नाही."