अस्वलाचं घड्याळ

तिनं तिसरं पान उलटलं आणि मागच्या रांगेतल्या खुर्चीत तिचा नवरा येऊन बसला.

झालं! तिनं तीच ओळ पुन्हा वाचली. आजवर तिच्या एकाही पुस्तकाकडे यानं ढुंकून पाहिलं नव्हतं. "दिवसभर माकडं काढायची आणि त्याला काम म्हणायचं, मजा आहे बुवा!" असं चारचौघांत हसत म्हणायचा, आणि चारचौघांना ते गोडही वाटायचं. आज काय अवदसा आठवली याला? तेही नेमकं या पुस्तकाच्या पहिल्या वाचनाला? बरं, चेहरा कसा, तर अगदी हसरा. शेजारच्या आजींना त्यानं सरकून जागासुद्धा करून दिली.

ग्रंथालयाच्या बालविभागात सतरंजीवर पोरं मांडीला मांडी लावून बसली होती. दाराशी सगळ्यांच्या चपलाबुटांचा हा ढीग. तिची लेक सगळ्यांत पुढे, हनुवटी गुडघ्यावर टेकवून. आणि पुस्तकातलं ढेरपोटं अस्वल ऑफिसमधून घरी निघालेलं.

पुढच्या पानावर ते दारातल्या बुटाला अडखळणार होतं. मग मनगटावरचं घड्याळ काढून नीट फळीवर ठेवणार होतं. आणि मग कानातून धूर, कढई छपरावर, खुर्ची खिडकीबाहेर.

ते घड्याळ तिनं ठरवून काढलं नव्हतं हो. पेन्सिल आपली चालत गेली. पुस्तक छापून आलं तेव्हा तिनं ते पान नीट पाहिलं आणि पुस्तक चटकन मिटून टाकलं. पण हा कुठं पुस्तक उघडतोय, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

तिनं दोन पानं एकदम उलटली.

"ताई, पान राहिलं! पान राहिलं!" पोरांनी एकच गिल्ला केला. बालविभागाच्या बाईंनी हौसेनं प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत दिली होती. अशा पोरांना कोण फसवणार?

तिनं पान परत फिरवलं. पुस्तक मांडीवर टेकवलं. "अस्वलोबा अडखळले," ती वाचू लागली, "धडाम! अस्वलोबांनी घड्याळ काढलं. टक! अस्वलोबांनी श्वास घेतला. फूं फूं फूं..."

पोरं खदखदून हसली. एक तर हसता हसता मागच्या मागे आडवं झालं. कढई उडाली तसा नवराही हसला, चांगला मोठ्यानं. त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तिच्या जिवात जीव आला.

लेक मात्र हसली नाही. तिनं चित्राकडे पाहिलं, वळून मागच्या रांगेकडे पाहिलं आणि उठून ती दाराशी गेली. खाली बसून तिनं ढिगातला एक बूट उचलला, त्याचा जोडीदार शोधला आणि जोडी भिंतीला लावून ठेवली. मग दुसरी जोडी. मग तिसरी. कुणाकुणाच्या चपला त्या, पण पोर एका रेषेत लावत सुटली.

"पण ताई," पुढच्या दोन दातांची खिडकी असलेल्या एका मुलानं विचारलं, "अस्वल घड्याळ का काढतं?"

"त्याला ना... त्याला उकडत असेल."

"छे!" लेक दाराशी पाठमोरीच म्हणाली. आईचं पाठांतर चुकावं आणि ते सुधारावं, तशा सुरात. "मारताना फुटू नये म्हणून. मागच्या वेळी काच फुटली होती ना."

मुलाचं आपलं समाधान झालं; तो "हं" म्हणून पुन्हा चित्र बघू लागला. मोठी माणसं मात्र पुस्तकाकडे पाहीनात. ती मागच्या रांगेकडे पाहू लागली. तिथं नवऱ्याचा उजवा हात डाव्या मनगटावर घट्ट बसला होता.

"आमची पोर म्हणजे ना," तो हसत म्हणाला, "आईवर गेलीय. काय वाट्टेल ते सुचतं." कुणी हसलं नाही. शेजारच्या आजींनी आपली पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

तो उठला. "चल, आवर. उशीर होतोय." किती मऊ आवाज! हा आवाज ती पुरती ओळखून होती. घरी आधी असाच मऊ आवाज यायचा, मग फळीवर टक. सवयीनं तिनं पुस्तक मिटलंही.

तेवढ्यात बाई तिच्या खुर्चीशी येऊन उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या, आणि हलेनात.

"तू हो पुढे," ती म्हणाली.

"काय?"

"तू हो पुढे. आम्ही नाही येत." आवाज कापत होता. कापू दे.

तो दाराकडे निघाला. त्याचे काळे बूट रांगेत सगळ्यांत पहिले होते, टाचेला टाच लावून ठेवलेले. ते घालताना त्यानं लेकीकडे पाहिलं, खोलीभर पसरलेल्या माणसांकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

लेक जिथल्या तिथे उभी होती. आईच्या चपला तिनं रांगेत लावल्याच नव्हत्या. छातीशी धरून ठेवल्या होत्या. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत तिनं वाट पाहिली. मग हात मोकळे सोडले. एक चप्पल दारातच पडली, दुसरी लांब जाऊन उलटी झाली.

तिनं त्या उलट्या चपलेकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आणि चप्पल तशीच राहू देऊन ती सतरंजीवर येऊन बसली.