निघताना दही

संध्याकाळपर्यंत गावाखालची जमीन खचणार होती. दरीतले बाकीचे विजेचे टॉवर आपल्या पोलादी पायांनी, तारा सांभाळत, सकाळीच पलीकडच्या पठारावर चालत गेले होते. हौसाक्काच्या परसातला टॉवर मात्र एक पाय उचलून तसाच थांबला होता. माणूस जवळ असला की टॉवर पाऊल टाकत नसे, आणि हौसाक्का त्याच्या पायाशीच बसली होती.

“आक्का, उठा आता. हा इथंच अडकला तर तारा तुटतील, सगळा तालुका अंधारात जाईल,” जीपजवळून इंजिनिअर मुलाणी म्हणाला.

“समदं गाव गेलं, येकानंबी ‘येतो’ म्हणलं न्हाई. ह्योच तेवढा थांबलाय माज्यासाठनं.”

मुलाणीनं जीपचं दार उघडून धरलं.

शेवटी तिनंच पदराआडची वाटी काढली. प्रवासाला निघालेल्याच्या हातावर घालतात तसं चमचाभर दही तिनं टॉवरच्या थंडगार पावलावर घातलं. “जपून जा, बाबा.”

ती जीपमध्ये जाऊन बसली. टॉवरनं उचललेलं पाऊल टाकलं आणि तो चढणीला लागला.

वाटीत थोडं दही उरलं होतं. तिनं रिकाम्या गावाकडं एकदा पाहिलं आणि ते आपणच आपल्या हातावर घातलं.