चारशेचा आकडा

टॅब्लेटवर चित्र काढताना पेनामागून रेघ उशिरा येते, अशी तक्रार ओगलेकाकांनी केली, तेव्हा ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या केतकीनं भर ऑफिसात सुनावलं होतं, "काका, टॅब्लेट ठणठणीत आहे. तुमचाच हात मंदावलाय." तेव्हापासून बालमासिकाचे ते जुने चित्रकार व्यायामाचा रबरी चेंडू दाबत बसायचे. मुखपृष्ठाचं काम त्यांच्याकडून गेलं होतं.

आज ती दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या मशीनवर बसली. तिथल्या लिनक्स या कॉम्प्युटर-प्रणालीत टॅब्लेटच्या एकेका सेटिंगची एकेक फाइल असते. रेघेच्या विलंबाच्या फाइलीत चारशेचा आकडा होता, म्हणजे जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा उशीर. या मशीनवर आधी बसणाऱ्या चित्रकाराच्या हाताची थरथर रेघेत दिसू नये म्हणून तो तिनंच घातला होता. मशीन सुरू होताना तो रोज आपोआप लिहिला जाईल अशी सोयही केली होती, आणि साफ विसरली होती.

तिनं शून्य लिहिलं. काकांनी मोर काढला. रेघ पेनाबरोबर धावली.

"चेंडूचा गुण आला बघ," काका म्हणाले. "तू तोंडावर बोललीस म्हणून. बाकीचे नुसतं सांभाळून घेत होते."

खरं सांगायला केतकीची मान वर होईना. काकांनी चेंडू तिच्या हातात ठेवला. "तुझेही हात दिवसभर कीबोर्डवर असतात. घे."

बोटांच्या जागी चेंडूचा रंग पार उडाला होता.