टेबलाखालचं बटण

निरोपाच्या भाषणासाठी अप्पांनी घसा खाकरला आणि पुतण्यानं घड्याळाकडे पाहिलं. वीस वर्षं अप्पा ज्या नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसले, तिच्यात आज पुतण्या बसला होता. अप्पांचीच माणसं फोडून.

पुष्पगुच्छ देऊन झाला होता. आता अप्पांनी आभार मानायचे आणि गुपचूप घर गाठायचं. लगेच पुढे ठराव होता, समोरचा भाजीबाजार उठवून जागा बिल्डरला द्यायचा. त्यात आडवे आले म्हणून तर अप्पांना उठवलं.

"आभार कसले मानू?" अप्पा म्हणाले. "ज्यांना बोट धरून इथं आणलं, त्यांनीच केसानं गळा कापला. ते जाऊ द्या. बाजार उठवलात ना, तर..."

माईक बंद पडला.

अप्पांना हसूच आलं. सभागृहातले सगळे माईक एकदम बंद करणारं ते बटण अध्यक्षांच्या टेबलाखाली त्यांनीच बसवून घेतलं होतं. विरोधी बाकावरच्या मास्तरीणबाई बोलायला उठल्या की अप्पांचा अंगठा तिकडे जायचाच. पुतण्याला बटण दाखवलंही त्यांनीच. भोगा आता!

"काका, बसा," पुतण्या हळूच म्हणाला.

पण हा शहाणा एक गोष्ट विसरला. निवडून यायच्या आधी अप्पा त्याच बाजारात कांदे विकायचे, आणि तेव्हा कुठला आलाय माईक? त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"बाजाऽऽर उठवताऽऽयत होऽऽ!"

मास्तरीणबाई उठल्या. अप्पांना वाटलं, चालल्या निघून, कशाला थांबतील? बाईंनी रस्त्याकडच्या खिडक्या एकेक करून सताड उघडल्या. "हं, आता बोला," म्हणाल्या.

अप्पा बोलले. काय बोलले! बाजारातले तराजू थांबले. भाजीवाल्या पाट्या तशाच टाकून रस्ता ओलांडून आल्या. जिना भरला, दार भरलं. सभासद एकमेकांची तोंडं बघू लागले. त्यांना मतं देणारी माणसं ती हीच.

घाम पुसत पुतण्यानं ठराव मताला टाकला आणि आधी स्वतःच हात वर केला. दुसरा एकही हात वर गेला नाही. मग तो लालबुंद होऊन माईकमध्ये काहीतरी सांगू लागला. नुसते ओठ हलत होते.

"ऐकू येत नाही!" जिन्यावरून कुणीतरी ओरडलं.

अप्पांनी आपला पुष्पगुच्छ मास्तरीणबाईंच्या बाकावर ठेवला आणि जाता जाता पुतण्याच्या कानाशी वाकले.

"बटण, बाळा. बटण."