हातभर उंच

गठ्ठा पिकअपच्या फाळक्याला थटला, निसटला आणि धपकन चिखलात पडला. इस्त्री केलेल्या पांढऱ्या चादरी नळाखालच्या ओल्यात पसरत गेल्या.

ती तशीच उभी राहिली. हात अजून वरच होते. रोजची सवय अशी, की गठ्ठा गुडघ्यावर घ्यायचा, कमरेचा एक रेटा द्यायचा आणि पिकअपच्या हौद्यात ढकलून मोकळं व्हायचं. आज फाळका तिच्या हनुवटीशी आला होता.

"अगं, स्टूल घ्यायचं ना एखादं," नवरा म्हणाला. तो नव्या टायरवर हात ठेवून उभा होता, शर्यत जिंकलेल्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

बहिणीच्या बाळंतपणाला जाताना ती गाडीची किल्ली त्याच्या हातात देऊन गेली होती. धुलाईचं सगळं सासू बघणार होती. त्याने फक्त रोज सकाळी दवाखान्यात चादरी पोचवायच्या, मळक्या आणायच्या. आज सकाळी ती परतली तर दारात हे धूड. कमरेएवढे टायर, खालून नव्या स्प्रिंगांवर उचलून धरलेली गाडी, आणि टायर मावावेत म्हणून कटरने कापून काढलेली मडगार्डं. आत इस्त्रीच्या खोलीत गठ्ठ्यांनी खिडकी झाकली होती. परवापासून गाडी गॅरेजात होती आणि हा गाडीपाशी.

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरचा फोन येऊन गेला होता. बाळंतिणींच्या वॉर्डात बायका उघड्या रेक्झिनवर निजल्या होत्या. ते ऐकल्यापासून तिच्या डोक्यात घण पडत होते. बहिणीच्या अंगाखालची चादर ती कालपर्यंत स्वतःच्या हाताने बदलत होती.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"तसं नाही गं. तुला खूश करायचं होतं. एकदा चालवून तर बघ! सिग्नलला लोकं काचा खाली करून बघतात."

"उतरव खाली. होती तशी करून आण."

"आता कशी करणार? कापलेला पत्रा भंगारात गेला."

तिला त्या टायरला लाथ घालावीशी वाटली. पण टायरचं काय जाणार होतं!

सासू दारातून पदर खोचत आली. दवाखान्यात गठ्ठे उतरवून घ्यायला ती रोज सुनेच्या शेजारी बसून जायची. तिने गाडीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"आणि मी चढू कशी रे ह्यात? पंख लावून?"

"आई, तुला मी उचलून बसवीन की."

"माझ्या अंगाला हात लावून बघ."

सुनेने चिखलातल्या चादरी गोळा करून परत धुण्याच्या टाकीत टाकल्या. मग टायरवर पाय देऊन, फाळक्याला लोंबकळून ती हौद्यात चढली. गुडघा सोलवटला. तिने तो पाहिलाही नाही.

"दे," ती वरून म्हणाली.

"काय?"

"गठ्ठे. तू खालून दे. सगळे."

त्याने पहिला गठ्ठा हसत उचलला. दुसरा डोक्यावर घेऊन वर रेटला. त्यानंतर त्याचं हसू गेलं, मग बोलणं गेलं, आणि शेवटी शेवटी तर तो गठ्ठ्याला कपाळ टेकवून श्वास घेत होता. ती वाकून हात पुढे करत होती आणि एकच शब्द म्हणत होती. "दे."

शेवटचा गठ्ठा चढला. तिने फाळका लावला, उडी मारली, केबिनच्या दांड्याला धरून स्वतःला वर ओढलं आणि किल्ली फिरवली. पुढे काचेतून बॉनेट दिसत होतं आणि त्याच्यापलीकडे रिकामा रस्ता. तिने क्लच सोडला.

"थांब! अगं थांब!" सासू किंचाळली.

तिने ब्रेकवर पाय आपटला. गाडी गचका खाऊन थांबली. बॉनेटच्या मागून नवऱ्याचं डोकं हळूहळू वर आलं. हातात फडकं होतं. पुढच्या बंपरवर उडालेला चिखल तो उकिडवा बसून पुसत होता.

"मी समोर होतो," तो म्हणाला. "समोर होतो ना मी! दिसलो नाही तुला?"

तिने गिअर काढला, हँडब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उडी घेतली.

"बस वर."

"अगं, पण उशीर होतोय..."

"बस म्हणते ना."

तो चढला. मुकाट्याने स्टिअरिंगमागे बसला. ती पुढे गेली आणि त्याने टाकलेल्या फडक्यापाशी, बंपरला तोंड करून उकिडवी बसली. जाळीतून गरम वारा तिच्या तोंडावर येत होता. बाजूला सासू तोंडावर हात धरून उभी होती.

"बघ," ती ओरडली, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून. "नीट बघ. मी दिसते का?"

वर तो स्टिअरिंगवर छाती टेकून पुढे वाकला.

"दिसते का?"

मग इंजिन बंद झालं.