सालईची फांदी

बांधकाम खात्याच्या साहेबांनी बुटाच्या टोकाने फांदी उलटी केली आणि मोबाइल खाली नेला.

फांदीवर नखाएवढे पांढरे पापुद्रे ओळीने चिकटले होते. उन्हाने वाळून त्यांच्या कडा आत वळल्या होत्या. साहेबांनी जवळून फोटो काढला. मग दोन पावलं मागे सरून आणखी एक काढला. त्यात फांदीही आली आणि मागचं चिंचेचं झाडही आलं.

"लाकूड कुजवणारी बुरशी," मोबाइलमध्ये बघत ते म्हणाले. "झाड आतून गेलंय."

झाड कळंबच्या अलीकडे, फाट्यावर होतं. नव्या रस्त्याच्या आखणीत ते येत नव्हतं, त्यामुळे धोकादायक ठरल्याशिवाय तोडता येत नव्हतं. तोडीच्या मंजुरीचा कागद टाइप होऊनच आला होता. कारणापुढची जागा तेवढी कोरी होती. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता, आणि मशीनची करवत घेऊन आलेली चार माणसं त्याच झाडाच्या सावलीत बसली होती.

त्याच सावलीत चंदाबाईची चहाची टपरी होती. टपरी म्हणजे एक चूल, एक बाकडं आणि वर चिंच. गिऱ्हाईक सावलीसाठी थांबायचं आणि थांबलं म्हणून चहा घ्यायचं. झाड गेलं की कोणी थांबणार नव्हतं.

"पुंडलिकभाऊ, तुमी सांगा न यायले," ती म्हणाली. "तुमचा त जलम गेला जंगलात."

पुंडलिकराव तीस वर्षं वनमजूर होते. आता रोज सकाळी या बाकड्यावर बसायचे. ते उठले, गुडघ्यांवर हात टेकवत फांदीपाशी बसले. एक पापुद्रा नखाने सोडवला आणि उलटा करून साहेबांपुढे धरला.

"हे पाहा साहेब. वरून लव हाये. खालून पंख्यावानी रेघा, आन एकेक रेघ मधातून चिरेल. पाणी लागलं का उघडते, ऊन लागलं का मिटते." त्यांनी बाकड्यावरच्या पाण्याच्या गिलासात तो पापुद्रा टाकला. "हे वाळल्या, पडेल फांदीवर येते. झाड पाडाले नाई येत."

"मग फांदी पडलीच आहे की बाबा. या झाडाखालीच."

"पडली नाई, ठेवेल हाये." पुंडलिकरावांनी फांदी गुडघ्यावर मोडली, साल सोलून पुढे केली. "वास घ्या. धुपावानी येते का नाई? चिंचेले कुठचा असा वास? ही सालई हाये, साहेब. या झाडाचा अन् या फांदीचा काही संबंध नाई."

साहेबांनी वास घेतला नाही. अक्षयने घेतला. तो वनरक्षक. तोडीच्या वेळी हजर राहायला आला होता आणि आतापर्यंत मोटरसायकलवर बसून होता.

"सालईच हाये," तो म्हणाला. "काका बराबर सांगून राह्यले. पण मंग सालई इथं आली कुठून?"

चंदाबाईच्या चुलीमागे तसल्याच फांद्यांची मोळी उभी होती. सालई गावात नव्हती, कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर नव्हती. होती ती फक्त टेकडीवरच्या राखीव जंगलात, आणि हे पुंडलिकरावांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. लाकूड हातात आलं की त्याचं नाव सांगायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. समोर कोण उभं आहे ते पाहून सांगायची सवय नव्हती.

"पडेल काड्या वेचल्या रे बापू," चंदाबाई म्हणाली. "कुऱ्हाड नाई लावली म्या."

"पडेल असो का तोडेल असो, जंगलाचंच हाये न?" अक्षयने वही काढली. "पूर्ण नाव सांगा."

पुंडलिकराव उभे राहिले. त्यांना उभं राहायला वेळ लागला.

"बरं, लिहा तिचं नाव," ते म्हणाले. "पण साहेब, झाड त सुटलं न? फांदी त्याची नाई, हे त आता तुमच्याच मानसानं सांगतलं."

साहेबांनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "हे बघा. झाड आहे. बुरशी आहे."

"अन् वास?"

"फोटोला वास येत नसतो, बाबा."

त्यांनी कोऱ्या जागेत दोन शब्द लिहिले, खाली सही केली आणि करवतवाल्यांना हात केला.

अक्षयने मोळी उचलून ट्रकवर टाकली. चुलीत एक फांदी अर्धी जळत होती. तीही त्याने ओढून काढली, मातीत विझवली आणि मोळीत खोचली.

करवत दोनदा अडकली. चार वाजता झाड आडवं झालं. बुंध्याचा गाभा गडद तपकिरी होता, भरीव, कुठे सुई जाईल एवढीही जागा नव्हती. करवतवाल्यांतल्या एकाने त्यावरून हात फिरवला, साहेबांकडे पाहिलं आणि दोर गुंडाळायला लागला. बाकड्यावर आता ऊन होतं. गिलासातला पापुद्रा पाण्यात पूर्ण उघडला होता. पुंडलिकराव त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

"मावशी, सहा चहा टाका," साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले.

चंदाबाईकडे सरपण उरलं नव्हतं. तिने आजूबाजूच्या चिंचेच्या ढलप्या पदरात गोळा केल्या, चुलीत रचल्या, खाली कागद पेटवला आणि फुंकणी तोंडाला लावली. कागद जळून गेला. ढलप्यांच्या टोकांना फेस आला. धूर उठला तो सरळ साहेबांच्या तोंडावर गेला.

"अजून किती वेळ?" डोळे चोळत त्यांनी विचारलं.

चंदाबाईने फुंकणी खाली ठेवली.

"पेटत नाई, साहेब," ती म्हणाली. "लाकूड वल्लं हाये."