पहिली आलेली शाखा

"ॲप जमत नसेल तर पैसे गादीखाली ठेवा," मॅनेजर म्हणाला. समोरच्या आजीबाईंनी पासबुक पिशवीत घातलं आणि त्या ॲप सुरू करून देणाऱ्या टायवाल्याच्या टेबलाकडे वळल्या.

ॲप वापरणाऱ्या ग्राहकांच्या आकड्यात ही शाखा सगळ्यात मागे होती. आकडा सुधारला नाही तर शाखा बंद आणि मॅनेजर घरी, असं वरून स्पष्ट सांगितलं होतं. ॲप कशाशी खातात हे मॅनेजरला स्वतःला ठाऊक नव्हतं. पण ज्यांना ते येत नाही त्यांना हिणवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सरळ सांगायचं तर माणूस उथळ होता.

मग एक दिवस टायवाला आला आणि मॅनेजरचं नशीब उघडलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, साखरेत घोळलेलं बोलणं. आल्या आल्या त्याने विचारलं, "माझं टेबल कुठे?" मॅनेजरने पंख्याखालचं दिलं. टायवाला लोकांचे फोन हातात घ्यायचा आणि चुटकीसरशी ॲप सुरू करून द्यायचा. मॅनेजरच्या फोनवरही त्यानेच करून दिलं.

कॅशियरबाईंना तो खटकत होता. "साहेब, तो लोकांना पिन विचारतो."

"बाई, नोटांना टोचायच्या पिना सोडून दुसरी पिन पाहिलीय का तुम्ही?" मॅनेजर हसला. "शिकलेला माणूस दिसला की तुमच्या पोटात दुखतं."

बाई पुन्हा नोटा मोजायला लागल्या.

पुढच्या तिमाहीत शाखा पहिली आली. मुख्य कार्यालयातून मोठ्या मॅडम कौतुक करायला आल्या. टायवाला नेमका रजेवर होता, याची मॅनेजरला फार चुटपुट लागली. त्याने मॅडमना तसं दोनदा सांगितलंही.

बाहेर पासबुकाच्या रांगेत एकेकाचा फोन टुणटुणत होता.

"ऐकलंत?" मॅनेजर फुशारला. "व्यवहारांचे मेसेज. या लोकांना आधी फोन सरळ धरता येत नव्हता."

"कमाल केलीत," मॅडम म्हणाल्या. "तुमचा तो माणूस आम्हाला द्या. सगळ्या शाखांत फिरवू."

"मी कोण देणार?" मॅनेजर लाजला. "तुम्हीच तर पाठवलंत त्याला."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "आम्ही? आम्ही कोणालाच पाठवलं नाही."

बाहेर आता अख्खी रांग टुणटुणत होती. मग मॅनेजरच्या खिशातला फोनही टुणटुणला.